दुखणे एकाचे, भार सर्वांचा



या महिन्यात कोयनानगरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यातील घरगुती तपशील वगळून मुख्य प्रश्न येथे घेतो. त्यांच्या यजमानांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि मुले असा परिवार असून सर्वांचा उदरनिर्वाह दुकानावर आहे. थोरल्या दिरांचे म्हणणे असे की, ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये, सासूबाईंच्या कानावर घालू नये, आणि शक्य झाल्यास रुग्णालाही ‘रक्त कमी झाले आहे’ एवढेच सांगावे. बाजारातील पत जाईल, घाऊक व्यापारी उधारी थांबवतील आणि उद्या मुलीचे स्थळ पाहताना हा विषय निघेल, ही त्यांची भीती. ताई विचारतात, ‘भाऊजींचा हेतू वाईट नाही; पण हे बरोबर आहे का?’

ताई, हेतू खरोखरच वाईट नाही. मात्र हा मार्ग रुग्णाला, आपल्याला आणि अखेरीस दुकानालाही महाग पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यासारखी कुटुंबे आपल्या समाजात अनेक आहेत. व्यापारी घराला गुप्ततेची सवय असते. भाव, नफा, देणे-घेणे आपण चार भिंतींत ठेवतो. आजारालाही तोच नियम लावला जातो. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

आजाराची ओळख

आपले रक्त हाडांच्या आतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तेथील एखाद्या पेशीत बिघाड होऊन विकृत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात, तेव्हा त्या विकाराला ल्युकेमिया म्हणतात. या पेशींच्या गर्दीत चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्यामुळे थकवा येतो, कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्यामुळे ताप आणि जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि प्लेटलेट घटल्यामुळे हिरड्यांतून रक्त येते किंवा अंगावर निळे-जांभळे डाग उठतात.

याचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. दोन तीव्र, तर दोन दीर्घकालीन. आपल्या यजमानांना यांतील नेमका कोणता आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कारण नाव एक असले तरी वाटा अगदी वेगळ्या आहेत. तीव्र प्रकारांत उपचार तातडीने सुरू करावे लागतात. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकाराचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात, आणि विकसित देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले आज वाचतात. दीर्घकालीन मायलॉइड प्रकारात रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे दुकान सांभाळू शकतो. वयस्कर माणसांत आढळणाऱ्या दीर्घकालीन लिम्फोसायटिक प्रकारात तर काही वेळा डॉक्टर लगेच औषधही देत नाहीत, ठरावीक काळाने रक्त तपासत राहतात. तेव्हा शेजारच्या गावातील कोणाचे काय झाले, यावरून आपल्या घराचे भविष्य ठरवू नये.

दोन गोष्टी भाऊजींना आवर्जून सांगाव्यात. हा आजार संसर्गजन्य नाही. आणि बहुतेक रुग्णांत तो आनुवंशिक नसतो. मज्जेतील पेशीत आयुष्याच्या ओघात झालेला तो बदल असतो. वडिलांना ल्युकेमिया झाला म्हणून मुलीच्या स्थळात उणेपणा मानण्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. एखादे घर एवढ्यावरून मागे फिरणार असेल, तर ते लग्नाआधी कळलेले बरे.

एका श्रीमंत घराची गोष्ट

या आजारापुढे पैसा एकेकाळी किती असहाय होता, हे मुंबईच्याच एका घराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी आणि त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचा विवाह १८९८ मध्ये झाला. मेहरबाई टेनिस खेळत, स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटत आणि बालविवाहबंदीच्या कायद्याच्या बाजूने बोलत. दोराबजींनी त्यांना ज्युबिली हिरा दिला होता. २४५ कॅरटचा हा हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा आपली खासगी मालमत्ता आणि त्यासोबत हा हिराही बँकेकडे तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले. कारखाना तरला.

त्याच मेहरबाईंना ल्युकेमियाने गाठले. उपचारांसाठी त्या परदेशी होत्या. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या वेळी या आजारावर जगात कोठेही औषध नव्हते. पोलादाचा कारखाना वाचवू शकलेली संपत्ती पत्नीला वाचवू शकली नाही.

दोराबजी त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांना अपत्य नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो रक्ताच्या याच आजाराच्या संशोधनासाठी. आपली उरलेली संपत्ती त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पत्नीच्या निधनाला तोवर वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे ज्युबिली हिरा विकला गेला आणि त्याचे पैसेही विश्वस्त निधीत गेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, ते याच ट्रस्टच्या बळावर. आज आपल्या सातारा-सांगलीकडचा एखादा रुग्ण केसपेपर काढून ज्या रांगेत उभा राहतो, त्या रांगेची सुरुवात अशी एका घराच्या दुःखातून झाली आहे.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की, दोराबजींनी पत्नीच्या आजाराचे नाव झाकले नाही. ते नाव त्यांनी ट्रस्टच्या उद्दिष्टात लिहिले. त्या काळात बाजारात त्यांच्याएवढी पत असलेली माणसे मोजकीच होती, आणि या उघडपणाने त्यांच्या पतीला काही बाध आला नाही.

तेव्हा आणि आता

१९३१ आणि आज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परळच्या याच रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण ल्युकेमिया झालेली एक लहान मुलगी होती आणि मज्जा दिली ती तिच्या भावाने. स्वतः डॉ. अडवाणी यांना बालपणी पोलिओ झालेला. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

२००१ मध्ये दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियासाठी इमॅटिनिब हे औषध आले आणि त्या प्रकाराचे स्वरूपच पालटले. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी सुमारे आठ हजारांत मिळत असे. मूळ कंपनीने भारतात पेटंट मागितले, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंटची मागणी फेटाळली. अलीकडे मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून कार-टी पेशींची देशी उपचारपद्धती सिद्ध केली असून ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत बदलून त्यांना विकृत पेशींशी लढण्यास तयार करायचे, असे तिचे तत्त्व आहे. ती प्रत्येकासाठी नाही, तरी ठरावीक प्रकारांत इतर उपाय थकल्यावर आशेची वाट ठरते.

सारांश, आज औषध आहे. परंतु ते औषध महिनोन्‌महिने, वेळच्या वेळी, न चुकता घ्यावे लागते, आणि ते घेतले जाईल की नाही हे बव्हंशी घरावर अवलंबून असते.

रुग्णाला सांगावे का?

होय, सांगावे. त्यामागील कारणे व्यवहाराचीच आहेत.

रुग्ण कर्करोगाच्या रुग्णालयात जाणार, दारावरची पाटी वाचणार, शेजारच्या खाटेवरील माणसाशी बोलणार. आठवड्याभरात त्याला सारे कळतेच. फरक एवढाच की, मग तो आपल्याला कळले आहे हे घरच्यांपासून लपवतो. दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि ज्या माणसांशी बोलून मन हलके व्हायचे, त्यांच्यासमोरच नाटक करावे लागते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ‘रक्त कमी झाले आहे’ असे ज्याला सांगितले आहे, तो पहिल्या काही महिन्यांत बरे वाटू लागले की, ‘आता कशाला इतके इंजेक्शन?’ असे म्हणून उपचार सोडतो. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणजे रोग मुळापासून गेला असे नसते. अर्धवट सोडलेला उपचार हे आपल्याकडे आजार उलटण्याचे एक मोठे कारण आहे. शिवाय काही निर्णय रुग्णाखेरीज कोणी घेऊच शकत नाही. उदाहरणार्थ, तरुण रुग्णाला पुढे अपत्य हवे असेल तर केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच शुक्राणू जतन करण्याची सोय विचारावी लागते. सत्य लपवले, तर ही संधी कायमची जाऊ शकते.

कसे सांगावे? शक्यतो डॉक्टरांनी, आपण शेजारी बसलेल्या असताना. सारे एकाच बैठकीत सांगण्याची गरज नाही. आजाराचे नाव, उपचार आहेत ही गोष्ट, आणि उद्या काय करायचे आहे, एवढे पहिल्या दिवशी पुरे. पुढचे त्यांना जेव्हा विचारावेसे वाटेल तेव्हा खरे उत्तर द्यावे. ‘तुम्हांला काही होणार नाही’ असे वचन कोणी देऊ नये. ‘आम्ही सोबत आहोत’ एवढे मात्र सर्वांना देता येते.

सासूबाईंना त्यांच्या मुलाने स्वतः सांगावे, हे उत्तम. वय झालेली माणसे आपण समजतो त्याहून कणखर असतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्या कोयनानगरकरांना हे सांगायला नको. सुमारे १८० माणसे गेली, घरे जमीनदोस्त झाली, तरीही त्याच पिढीने वस्ती पुन्हा उभी केली आणि आजही जमीन अधूनमधून हादरते तिथेच राहून संसार केले. मुलांनाही वयानुसार सांगावे. लहानग्यांना वाटते की, आपण हट्ट केला म्हणून बाबा आजारी पडले. ही समजूत बोलल्याखेरीज जात नाही.

दुकान आणि पत

आता भाऊजींच्या मुख्य चिंतेकडे वळू. बाजारात बातमीपेक्षा अफवेने पत अधिक जाते. दुकानदार महिनाभर गल्ल्यावर दिसला नाही, की तर्क सुरू होतात. आजाराऐवजी दिवाळे, भाऊबंदकी, असे काहीही बोलले जाते. त्याऐवजी प्रमुख घाऊक व्यापाऱ्यांना थोरल्या भावाने स्वतः भेटून सांगावे की, धाकट्याचे उपचार चालू आहेत, व्यवहार मी पाहतो आहे, देणी ठरल्या दिवशी पोहोचतील. पहिली दोन देणी वेळेवर पोहोचली की पतीचा प्रश्न मिटतो.

त्याचबरोबर काही कागद लगेच पाहावेत. बँक खात्यावर दुसऱ्या माणसाची सही चालते का? जीएसटीचे विवरण कोण भरणार? भागीदारीपत्र अद्ययावत आहे का? खात्यांना आणि विम्याला वारसाचे नाव लावले आहे का? आरोग्यविम्याचा हप्ता चुकलेला नाही ना? ही कामे अशुभ मानू नयेत. दिवाळीला आपण वही बदलतो, तेव्हा जुनी वही बंद झाल्याचे दुःख करत नाही. व्यवहार नीट चालावा म्हणून ती पद्धत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. ‘आपण व्यापारी, आपल्याला कोण देणार’ असे गृहीत धरून सोडून देऊ नये. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो.

कामाची वाटणी

ताई, आपल्या पत्रात एक वाक्य आहे, ‘सगळे म्हणतात, काही लागले तर सांगा.’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, परंतु त्याने काम होत नाही. थकलेल्या माणसाला मागण्याचेही बळ नसते. दुकानात आपण ‘कोणीतरी माल उतरवून घ्या’ असे म्हणत नाही, माणसाचे नाव घेऊन सांगतो. घरातही तसेच करावे. एका संध्याकाळी सर्वांनी बसून कागदावर वाटणी लिहावी.

फाइल एकाने सांभाळावी. प्रत्येक अहवाल, औषधाची चिठ्ठी, बिल तारखेनुसार लावावे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यावेत. प्रवासाला सोबत जाणारी माणसे दोन असावीत, आळीपाळीने. दुकान थोरले दीर पाहतील. मुलांची शाळा आणि अभ्यास जाऊबाईंकडे. नातेवाइकांना प्रकृतीची बातमी देण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे, म्हणजे दिवसातून वीस वेळा तीच कहाणी आपल्याला सांगावी लागणार नाही. आणि आपल्यासाठी आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवावी. हा आजार महिनोन्‌महिने चालतो; सेवा करणारी पत्नीच खाटेला खिळली, तर दोन रुग्ण होतात. झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

कोयनानगरहून जाताना

मोठ्या शहरातील रुग्णाला नसलेला एक प्रश्न आपल्यापुढे आहे, तो अंतराचा. केमोथेरपीनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर ती तातडीची अवस्था समजावी. रात्र असली तरी निघावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. कराड सुमारे साठ किलोमीटर. पावसाळ्यात कोयनेचा पाऊस आणि घाटरस्ता पाहता वाहन आणि चालक आधीच सांगून ठेवलेले असावेत. कराडमधील कोणत्या रुग्णालयात जायचे, हे मुख्य डॉक्टरांना विचारून, उपचारांच्या सारांशाची एक प्रत गाडीतच ठेवावी. उपचारांतील काही टप्पे, रक्त तपासण्या, रक्त चढवणे, या गोष्टी कराड, मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात होऊ शकतील का, हेही विचारावे. फेऱ्या वाचतात. पेशी कमी असण्याच्या काळात धान्याच्या गोदामात, ओलसर पोत्यांजवळ किंवा बांधकामाच्या धुळीत रुग्णाने जाऊ नये. तेथील बुरशी त्याला घातक ठरू शकते.

मुंबईत राहावे लागल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला प्रथम भेटावे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. आपल्याच समाजातील हरखचंद सावला यांनी जीवन ज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्टमार्फत टाटा रुग्णालयाबाहेरच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना अन्न आणि औषधांची मदत पोहोचवली, हे अनेकांना ठाऊक असेल.

स्वयंपाकघर, व्रते आणि भेटीगाठी

पाणी गाळून, उकळून पिण्याची आपल्या घरातील रीत या काळात फार उपयोगी पडते. ताजे, नीट शिजवलेले अन्न, स्वच्छ हात, स्वच्छ भांडी, एवढे सांभाळले तरी पुष्कळ. कच्ची फळे आणि कोशिंबिरी कोणत्या चालतील, हे डॉक्टरांना विचारावे. उपवासाबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. केमोथेरपीच्या काळात शरीराला प्रथिने आणि पाणी यांची नितांत गरज असते, काही औषधे ठरावीक वेळीच, काही जेवणानंतरच घ्यावी लागतात. चातुर्मास असो की पर्युषण, रुग्णाने उपवासाचा किंवा सूर्यास्तानंतर काहीही न घेण्याचा आग्रह मनाशीच धरू नये. आधी डॉक्टरांशी आणि मग आपल्या गुरूंशी बोलावे. आजाऱ्यासाठी सवलतीचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. मन स्वाध्यायात आणि जपात रमत असेल तर ते जरूर करावे. कोणी सुचवलेले काढे, भस्मे, चूर्णे डॉक्टरांना न दाखवता देऊ नयेत. औषधाच्या गुणात त्यामुळे बिघाड होऊ शकतो.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य मानतात. या आजारात गर्दी हाच धोका आहे. सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनही परतावे. ज्यांना खरोखर मदत करायची आहे, त्यांनी फोन करून ‘मंगळवारी डबा मी पाठवते’, ‘मुलांना शाळेत मी सोडतो’ असे ठरावीक काम सांगून ते करावे.

रक्ताचे नाते

या आजारात आप्तांचे प्रेम अक्षरशः औषध होऊ शकते. मज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली, तर प्रथम सख्ख्या भावंडांची तपासणी होते. प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. जुळले नाही, तर हल्ली आई-वडील किंवा मुले यांच्याकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपणही होते. बहुतेक वेळा दात्याच्या हातातील शिरेतून रक्त घेऊन त्यातील मूळ पेशी वेगळ्या केल्या जातात, आणि दात्याच्या शरीरात त्या थोड्याच काळात पुन्हा भरून येतात. ‘मज्जा दिली की माणूस कायमचा अधू होतो’ हा समज सोडून द्यावा. पत्रावरून दिसते की थोरले दीर हेच आपल्या यजमानांचे एकमेव भाऊ आहेत. उद्या डॉक्टरांनी विचारले, तर आजार लपवू पाहणारा हाच भाऊ सर्वांत जवळचा दाता ठरू शकेल.

एक सूचना आवश्यक आहे. प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांचे रक्त रुग्णाला चढवणे डॉक्टर सहसा टाळतात. म्हणून घरातल्यांनी उत्साहाने रक्त देण्याआधी विचारावे. येथे समाजाचे काम सुरू होते. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. त्या साठवून ठेवता येत नाहीत, दाता त्या त्या वेळी हजर लागतो. प्रत्येक गावच्या मंडळाने आपल्या तरुणांची रक्तगट व फोन क्रमांकांसह यादी तयार ठेवावी. तसेच मूळ पेशी दात्यांच्या नोंदणीत नाव घालावे. त्यासाठी केवळ गालाच्या आतील भागाचा बोळ्याने घेतलेला नमुना लागतो. जुळणारा दाता आपल्याच वंशाच्या, आपल्याच समाजाच्या माणसांत सापडण्याची शक्यता अधिक असते. लहान समाजाची नोंद कमी असेल, तर त्याच समाजाच्या रुग्णाला दाता मिळत नाही, हा सरळ हिशेब आहे.

सर्व करूनही

प्रत्येक रुग्ण बरा होतो, असे म्हणणे खोटे ठरेल. सर्व उपाय थकले, तरी करण्यासारखे काही उरतेच. वेदना, धाप, अस्वस्थता कमी करणारी परिहार सेवा आज उपलब्ध आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देते. तिथे जाणे म्हणजे हार मानणे नव्हे. ज्या घरात आजाराविषयी पहिल्यापासून मोकळेपणाने बोलले गेले, त्या घरातील माणसाला आपल्या इच्छा सांगता येतात, कोणाची क्षमा मागता येते, मुलांशी बोलता येते. लपवाछपवीच्या घरात हे सारे राहून जाते आणि मागे राहिलेल्यांना ते जन्मभर टोचत राहते.

म्हणून ताई, माझी सूचना एवढीच. हा अंक भाऊजींच्या हाती द्यावा. त्यांना दोष न देता सांगावे की, घराची अब्रू सांभाळण्याची त्यांची काळजी आम्हांला कळते, आणि आता त्यांच्याकडून आम्हांला गुप्ततेऐवजी सोबत हवी आहे. मग डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि दोघांनी मिळून यजमानांना सोबत न्यावे. परत आल्यावर सासूबाईंशेजारी बसून वाटणीचा कागद लिहायला घ्यावा. त्यावर पहिले नाव थोरल्या भावाचे असावे.

इतर वाचकांनीही आपल्या गावच्या मंडळाच्या पुढील बैठकीत रक्तदात्यांच्या यादीचा विषय घ्यावा. कोणत्या घराला ती केव्हा लागेल, हे कोणालाच सांगता येत नाही.